एक सेंटिमीटर ऊन

लेलेकाकूंचा फोन आला तेव्हा मी कंपनीत होते. भोसरीला यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजते आणि बसणारे न बसणारे वेगळे करते.

"अगं, तुझ्या वडिलांचा तो काचेचा गोळा अजून टाकीच्या खोलीत पडलाय," काकू म्हणाल्या. "सोमवारपासून इमारत पाडायला घेणार. भंगारवाल्याच्या हाती लागायच्या आत घेऊन जा. नाहीतर राहू दे. मला काय? माझं एक पातळ त्याने आधीच खाल्लंय."

कोथरूडची आमची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. चार मजले, लिफ्ट नाही, सोळा घरं. नाना, म्हणजे माझे वडील, आठ वर्षांपूर्वी कर्वेनगरला माझ्याकडे राहायला आले, तेव्हापासून मी त्या जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी नानांना सांगितलं, शनिवारी जाऊन गोळा आणते. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघतात, म्हणजे चेहरा थोडा दिसतो म्हणे. तसंच कानाकडे बघत ते म्हणाले, "तिथे बिस्किटांचा पत्र्याचा डबा असेल. त्यात पट्ट्या आहेत. त्या दिवशीची बघ. किती वाजेपर्यंत जळली आहे ते बघ."

"कुठल्या दिवशीची?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"तुझी आई गेली त्या दिवशीची."

"आता कशाला?"

"मी लवकर गेलो होतो वर. किती लवकर, ते बघायचंय." मग त्यांनी ताक मागितलं.

आईला जाऊन चाळीस वर्षं होत आली. त्या संध्याकाळबद्दल ते बोलले ती ही पहिलीच वेळ. मी ताक दिलं, ओटा आवरला. रात्री उगाच पाणी प्यायला दोनदा उठले, एवढंच.

शनिवारी दुपारी गेले. खाली नागपूरकडचा वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. "सांभाळून जाजा ताई, वरचे लाइट काढून नेले," म्हणाला. दरवाजे, खिडक्यांचे गज, बेसिनं, सगळं निघालेलं. घरांच्या जागी भोकं होती. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भोकात मी डोकावले नाही. बघण्यासारखं काही नव्हतं.

गच्ची मात्र तशीच होती. नैऋत्येच्या कोपऱ्यात विटांचा कमरेएवढा खांब, त्यावर पितळेची अर्धगोल वाटी, हिरवी पडलेली. पूर्वी इथे उभं राहिलं की पश्चिमेला डोंगरापर्यंत शेतं दिसायची आणि मधे दोन-चार नव्या इमारती. आता डोंगर पाहायचा तर दोन टॉवरच्या फटीतून पाहायचा.

नाना सरकारी वेधशाळेत निरीक्षक होते. पाऊस, वारा, तापमान हे सगळे मोजतात, हे शाळेतल्या मैत्रिणींना पटायचं. पण माझे वडील ऊन मोजतात म्हटलं की हसायच्या. ऊन मोजायचं यंत्र म्हणजे एक भरीव काचेचा गोळा, मोसंब्याएवढा. तो वाटीत बसवायचा आणि त्याच्या मागे जाड कागदाची पट्टी सरकवायची. गोळ्यातून ऊन एका टिंबावर येतं आणि पट्टी जाळतं. सूर्य सरकतो तसं टिंब सरकतं. दिवसाअखेर पट्टीवर एक जळकी रेघ मिळते. ढग आला की रेघ तुटते. रेघ मोजली की दिवसाचं ऊन कळलं. यात फिरणारं काही नाही, बिघडणारं काही नाही. नानांना म्हणूनच ते यंत्र सगळ्यांत आवडायचं.

वेधशाळेतला एक गोळा टवका उडाला म्हणून बाद झाला. नानांनी रीतसर अर्ज केला, रीतसर मंजुरी घेतली आणि तो घरी आणला. ऑफिसच्या पट्ट्या मात्र आणायच्या नाहीत, हा त्यांचा नियम. त्या सरकारी. मग पट्ट्या आईने करायला घेतल्या.

आमच्याकडे वर्षभरात पन्नासेक लग्नपत्रिका यायच्या. तेव्हाच्या पत्रिका चांगल्या जाड असत. आई त्यांच्या पट्ट्या कापायची आणि कपड्यांच्या निळीत बुडवायची, कारण गडद रंगावर रेघ स्वच्छ उमटते. निळीचं पाणी परातीत, पट्ट्या दोरीवर चिमटे लावून वाळत. आईची बोटं दुसऱ्या दिवसापर्यंत निळी असत आणि पोळीच्या कडेला कधी कधी फिकट निळा अंगठा उमटलेला असे. वाळलेल्या पट्टीवर नाना तासांच्या खुणा करत. तीन तऱ्हेच्या पट्ट्या लागत. उन्हाळ्यात लांब आणि वाकडी, हिवाळ्यात आखूड आणि वाकडी, मधल्या दिवसांत सरळ. मागच्या बाजूला कुणाचं तरी लग्न राहायचं. "चि. सौ. कां." किंवा "कृपया आहेर आणू नये."

"जोशांच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी नऊ तास ऊन पडलं," नाना गंभीरपणे सांगत.

"त्यांच्या संसारात पडलं म्हणजे झालं," आई म्हणे.

सूर्य मावळला की वर जाऊन जुनी पट्टी काढायची, नवी घालायची. हे काम माझं. जळक्या पुठ्ठ्याचा वास, गच्चीच्या तापलेल्या फरशीचा वास, खालून कुणाच्या तरी फोडणीचा वास. मी अनवाणी जायची, कारण संध्याकाळी फरशी पायाला हवीशी वाटायची. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी नुसतं बघायला जायची. धुराचा दोरा निघायचा, केसाएवढा, आणि सरळ वर जायचा. सूर्य हलताना दिसतो तो फक्त तिथे.

काढलेली रेघ आधी टोकाकडून बघायची, हे नानांनी शिकवलं होतं. मावळतीचं ऊन हळूहळू कमजोर होतं, त्यामुळे चांगल्या दिवशी रेघ उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होत संपते. सूर्य बुडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तर ती उमटतच नाही. सूर्य असतो, पण जाळत नाही. "आणि टोक बोथट असेल," नाना सांगत, "तर समजायचं, निरीक्षकाने कामचुकारपणा केला. वेळेआधी पट्टी काढली."

एकदा मीच गोळा साबणाने धुतला आणि वाळायला कठड्यावर ठेवला. शेजारी लेलेकाकूंचं लुगडं वाळत होतं. अर्ध्या तासात त्यात रुपयाएवढं भोक. काकू ते हातात घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"एवढ्या मोठ्या पुण्यात तुमच्या सूर्याला माझंच पातळ दिसलं का हो?"

नानांनी माफी मागितली आणि मग न राहवून विचारलं, "भोक किती वाजता पडलं, काही कल्पना?"

काकू अजून हे सांगतात. प्रत्येक वेळी लुगडं थोडं अधिक भारी होत जातं.

नानांची एक वही होती, आकाशात काही वेगळं दिसलं की लिहायची. त्यात खळी पुष्कळ होती. सूर्याभोवतीचं खळं बघायचं तर आधी सूर्य झाकायचा, असं ते शिकवत. हात लांब करायचा, अंगठा सूर्यावर ठेवायचा, वीत पसरायची. करंगळीच्या टोकाशी कडं असतं. दरवेळी तेवढंच, एक वीत. सोसायटीची सगळी मुलं गच्चीवर हात लांब करून उभी राहायची आणि खालून काकू विचारायच्या, "कसली शपथ घेताय रे?" पांढुरकं आकाश, पिसांसारखे ढग, आणि त्यात कुणीतरी परकर पसरावा तसं ते गोल कडं, आतून किंचित तांबूस. मला आठवतं ते असं की खळ्याच्या दिवशी आवाज कमी यायचे. हे खरं नसणार.

वहीत खळी होती, इंद्रधनुष्यं होती, एकदा दुहेरी इंद्रधनुष्य होतं. पण नानांना बघायचे होते खोटे सूर्य. सूर्य कलता असताना, खळ्याच्या कडेवर, डावीकडे आणि उजवीकडे, त्याच उंचीवर एकेक उजळ डाग दिसतो. तिन्ही मिळून तीन सूर्य. थंड देशांत हे नेहमीचं. पुण्यात त्यांनी पंचवीस वर्षांत पाहिले नव्हते. कलत्या उन्हात पातळ ढग आले की ते बाल्कनीत येरझारा घालत.

"एक सूर्य पुरत नाही यांना," आई म्हणायची. "मला हा एकच जास्त होतो."

आई आजारी पडली ती दिवाळीनंतर. शिमग्याच्या सुमारास ती उठेनाशी झाली. कॉट बाहेरच्या खोलीत आणली, खिडकीशी. घरभर स्पिरिटचा आणि मोसंब्यांच्या सालींचा वास. मी सोळा वर्षांची होते आणि बोर्डाच्या परीक्षेला बसले होते, असं गुणपत्रिका सांगते. मला परीक्षा आठवत नाही. कपाटातला निळीच्या पट्ट्यांचा गठ्ठा आठवतो. आईने आधीच उन्हाळ्यापर्यंतच्या करून ठेवल्या होत्या. नाना रजेवर होते. पट्टी बदलायला आता तेच वर जात. दिवसातून तेवढी पाच मिनिटं ते घराबाहेर पडत.

त्या दिवशी ते वर गेले आणि परत आले तोवर आई गेलेली होती. मी तिच्याजवळ होते.

नाना दारात उभे होते, हातात त्या दिवसाची पट्टी. ती त्यांनी खिशात ठेवली. मग लोक आले.

पुढचे तेरा दिवस आमच्या घरातलं कोणी गच्चीवर गेलं नाही. चौदाव्या दिवशी काकू म्हणाल्या, "बाळ, तेवढा गोळा काढ गं. आग लागेल." मी गेले. नानांनी त्या संध्याकाळी घातलेली पट्टी तशीच होती. मार्चमध्ये सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकतो, केसभर. त्यामुळे रोजची रेघ कालच्या रेघेला लागून पडली होती. तेरा रेघांची मिळून एक खिडकी झाली होती, आरपार, काळ्या कडांची. पट्टी उचलली तशी तिचे दोन तुकडे झाले. मी गोळा नानांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळला, तुकडे डब्यात टाकले, गोळा आणि डबा टाकीच्या खोलीत ठेवले. नाना पुन्हा गच्चीवर गेले नाहीत. नोकरीत मात्र निवृत्त होईपर्यंत त्यांनी रोज ऊन मोजलं. घरी विषय निघाला नाही. आम्ही भांडलो नाही, रडलो नाही, जेवणं वेळेवर केली.

टाकीच्या खोलीत स्वेटरमधला गोळा होता, शेजारी डबा. झाकण गंजून बसलं होतं, किल्लीने उचकटलं. वास तसाच. म्हणजे मला तसाच वाटला. चाळीस वर्षं जळक्या पुठ्ठ्याचा वास टिकतो की नाही, मला माहीत नाही. वर ते दोन तुकडे. त्यांच्याखाली एक पट्टी, मधोमध घडी पडलेली, खिशात ठेवल्यासारखी. ती तिथे नानांनी कधी ठेवली, कोणाकडून ठेववली, देव जाणे. मागे पेन्सिलीने तारीख, नानांच्या अक्षरात.

मी कठड्यावर बसले आणि पर्समधली स्टीलची मोजपट्टी काढली. ती माझ्याकडे नेहमी असते. रेघ सकाळी साडेसातला सुरू झालेली, न तुटता दिवसभर. तीननंतर बारीक, कारण पातळ ढग आले होते. आणि पावणेसहाला संपलेली. निमुळती होऊन नाही. एकदम. टोक बोथट.

त्या दिवसांत रेघ सव्वासहापर्यंत जायची. राहिला अर्धा तास. अर्धा तास म्हणजे पट्टीवर जेमतेम एक सेंटिमीटर. मी दोनदा मोजलं.

खाली उतरले तर काकू वाट बघत होत्या. त्या पलीकडच्या गल्लीत भाड्याने राहतात आणि रोज येऊन इमारत आहे ना ते बघून जातात. मी स्वेटर उलगडून गोळा दाखवला.

"हा बघा आरोपी."

त्यांनी गोळ्यात डोकावून पाहिलं. त्यात आख्खी इमारत उलटी दिसत होती. "उलटी का होईना, दिसते आहे," काकू म्हणाल्या. "नाना कसे आहेत?"

"ठीक. चिडचिड करतात."

"मग ठीकच आहेत."

घरी आले तेव्हा नाना खुर्चीत बसूनच होते. चहा तसाच, साय धरलेला.

"सापडली?"

मी पट्टी त्यांच्या हातात दिली. वाचून दाखवणार होते, पण त्यांनी दुसऱ्या हाताची तर्जनी रेघेवर ठेवली. जळलेली रेघ म्हणजे खोबण असते. ती बोटाला लागते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बोट हळूहळू सरकत गेलं, सकाळ, दुपार, घडी, तीननंतरचा बारीक भाग, आणि थांबलं. मागे आलं, पुन्हा पुढे गेलं, तिथेच थांबलं.

"बोथट आहे."

"हो. पावणेसहा."

"म्हणजे अर्धा तास."

"एक सेंटिमीटर."

"कामचुकारपणा," ते म्हणाले. बोट टोकावरच होतं. म्हणाले, "मला तिच्यापाशी बसवत नव्हतं. सूर्य मावळायची वाट बघवली नाही."

मी पंखा एकने वाढवला. मग सांगून टाकलं, कारण नंतर सांगितलं नसतं.

"तुम्ही आपणहून नव्हता गेलात. मी बाल्कनीत होते. मी हाक मारली, नाना, तीन सूर्य दिसताहेत. म्हणून तुम्ही उठलात. पट्टी नुसती निमित्ताला घेतलीत."

ते माझ्या कानाकडे बघत राहिले.

"तीन नव्हे," ते म्हणाले. "दोन. दक्षिणेकडचा ठळक होता. उत्तरेकडचा फिकट होता, तो धरायचा नाही."

"म्हणजे दिसले तुम्हाला?"

"दिसले."

"वहीत नाही लिहिलंत."

"नाही."

"मी हाक मारली ते आठवतंय?"

"आठवतंय. पण चप्पल आधीच पायात होती माझ्या." ते पट्टीचं टोक चाचपत होते. "ते तुला कुठे दिसणार? तू बाहेर बघत होतीस."

चाळीस वर्षं मी ती हाक माझ्याकडे ठेवली होती आणि त्यांनी चप्पल त्यांच्याकडे. दोन्ही एकाच अर्ध्या तासातल्या.

"तुम्ही गेल्यावर आई बोलली," मी म्हटलं.

बोट थांबलं.

"मी आत आले. तिने विचारलं, गेले का? मी म्हटलं, हो, खोटे सूर्य बघायला. तर म्हणाली, जाऊ दे. एक पुरत नाही यांना."

"असं म्हणाली?"

"असंच."

"हसली का?"

"हसली."

नानांनी थंड चहा साय न काढता पिऊन टाकला. मी कप विसळायला घेऊन गेले. परत आले तर म्हणाले, "एप्रिलचा शेवट. आता सरळ पट्टी चालणार नाही. लांब लागेल, वाकडी."

"घरात पुठ्ठा नाही. पत्रिका आता फोनवर येतात."

"औषधांच्या खोक्याचा चालेल. नीळ मिळते का अजून?"

मिळते. कोपऱ्यावरच्या दुकानात, मागच्या फळीवर, धुळीत. दुकानदार म्हणाला, "काकू, हे आता कोण वापरतं?" मी म्हटलं, "आम्ही. द्या." वाटी पितळेची आणायची राहून गेली होती, ती रविवारी सकाळी वॉचमनला सांगून खांबावरून काढून आणली. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या खोक्याची पट्टी कापली, निळीत बुडवली, वाळवली. तासांच्या खुणा नानांनी सांगितल्या तशा मी केल्या. आमची बाल्कनी पश्चिमेची आहे, ऊन दुपारी एकनंतर येतं. तेवढं मोजू, नाना म्हणाले.

साडेपाचपासून ते खुर्ची दाराशी घेऊन बसले. सहा वाजता विचारलं, "गेला?" म्हटलं, नाही. सव्वासहाला विचारलं. म्हटलं, अजून आहे, समोरच्या टॉवरच्या डावीकडे, तांबडा. सातला पाच कमी असताना तो डोंगरामागे गेला. खात्री करायला मी आणखी पाच मिनिटं थांबले. मग पट्टी काढली आणि नानांच्या हातात दिली.

त्यांनी बोट ठेवलं आणि न्यायला सुरुवात केली. दुपार, तीन, चार, पाच. सहाच्या पुढे बोट हलकं केलं, जेमतेम टेकवलं. खोबण उथळ होत गेली असणार. एका जागी बोट रेघेवरून उतरलं आणि सपाट निळ्या पुठ्ठ्यावर थोडं पुढे जाऊन थांबलं.

"निमुळती," ते म्हणाले. "वेळेवर काढलीस."

मी गोळ्यावर फडकं घातलं. सकाळी नवी पट्टी घालायची, विसरायला नको.